तुम्ही विचारलंत म्हणून: रजिस्टर पॉइंटरने सरळ का वाचायचं नाही?

लिनक्ससाठी ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) लिहायला घेतलेले बरेच जण मला हेच विचारतात, की डिव्हाइसच्या रजिस्टरांचा (त्याच्या आतल्या छोट्या छोट्या जागांचा) ॲड्रेस डेटाशीटमध्ये दिलेलाच आहे, मग पॉइंटर लावून वाचायचं सोडून आयओरीमॅप (ॲड्रेस मॅप करणारं), रीडएल (वाचणारं), रायटएल (लिहिणारं) ही कर्नलची फंक्शन्स कशाला?

एक तर कर्नलसुद्धा व्हर्च्युअल ॲड्रेसवरच चालतो, पेज टेबलमध्ये (व्हर्च्युअल ॲड्रेस खऱ्या ॲड्रेसला जोडणारा तक्ता) एन्ट्री नसेल तर तिथे पोचताच येत नाही. आयओरीमॅप ती एन्ट्री करून देतं. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या एन्ट्रीतले कॅशिंगचे बिट्स, म्हणजे वाचलेलं प्रोसेसरने जवळच्या जलद मेमरीत (कॅशमध्ये) ठेवायचं की नाही ते सांगणारे.

मला हे कळलं ते एका एआरएम बोर्डवर. स्वतःचा छोटासा कर्नल लिहीत होतो, सिरियल पोर्टला पीएल०११ हा कंट्रोलर होता, आणि पेज टेबल भरताना त्याचं पेज मी चुकून रॅमसारखं कॅशेबल केलं. त्याचं फ्लॅग रजिस्टर हेक्स १८ ऑफसेटवर, त्यातला बिट ४ जोवर १ आहे तोवर रिसीव्ह फिफो (आलेल्या बाइट्सची रांग) रिकामा. माझा लूप तो ० व्हायची वाट बघत बसलेला, मी बटणं दाबतोय आणि काहीच होत नाही, दोन रात्री नुसती केबल आणि बॉड रेट (सिरियलचा वेग) तपासण्यात गेल्या. झालं असं होतं की पहिल्यांदा वाचलेलं कॅशमध्ये जाऊन बसलं आणि नंतर दरवेळी तेच शिळं उत्तर, डिव्हाइसपर्यंत कोणी जातच नव्हतं. सी भाषेतलं व्होलाटाइल (दरवेळी खरंच वाच, असं सांगणारा शब्द) लावलं होतं हो, पण ते फक्त कंपायलरला कळतं, कॅशला नाही. आणि कॅश एकच रजिस्टर आणत नाही, अख्खी लाइन आणते, बहुतेक ठिकाणी ६४ बाइट्सची. पीएल०११चं डेटा रजिस्टर ऑफसेट ० वर, म्हणजे त्याच लाइनमध्ये, आणि ते वाचलं की फिफोतला बाइट गेला! म्हणजे आपण ते रजिस्टर वाचायला सांगितलं नसतानाही आलेलं इनपुट हरवू शकतं.

म्हणून लिनक्सचं साधं आयओरीमॅप कॅश बंद ठेवूनच मॅप करतं. आधी आयओरीमॅप_नोकॅश असं वेगळं फंक्शन होतं, दोघं एकच काम करतात म्हणून २०२० मध्ये ५.६ व्हर्जनला ते काढून टाकलं.

फ्रेमबफरला (स्क्रीनवरचं चित्र ठेवणाऱ्या मेमरीला) मात्र हे नको. तिथे आयओरीमॅप_डब्ल्यूसी (राइट-कम्बाइनिंग), छोटे छोटे राइट्स बफरमध्ये साठतात आणि एकदम जातात, स्क्रीन भरताना खूप फरक पडतो. पण त्यात क्रमाची खात्री नसते, म्हणून कंट्रोल रजिस्टरला हे कधीच लावू नका.

आणि रायटएल परत आलं म्हणजे व्हॅल्यू डिव्हाइसला मिळाली असंही धरू नका, पीसीआयवर (कार्डं जोडायची बस) राइट वाटेत थांबलेला असू शकतो. डिव्हाइसचा इंटरप्ट (प्रोसेसरला लक्ष द्यायला सांगणारा सिग्नल) बंद केला की मी त्याच डिव्हाइसचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर लगेच रीडएलने वाचतो, कारण आधीचा राइट पोचल्याशिवाय त्या वाचण्याचं उत्तर येत नाही.