जेकार्डच्या पट्टीपासून सुरू होणारा पाठ

सोलापूरच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी कोणी ना कोणी यंत्रमागावर काम केलेले आहे, काही घरांत तेलुगू बोलली जाते, आणि चादरीवर नक्षी कशी उमटते हे या मुलांनी पुस्तक उघडण्याआधीच पाहिलेले असते. म्हणून माहितीचे संप्रेषण शिकवायला घेताना मी आता मोबाइलच्या मनोऱ्याचे किंवा उपग्रहाचे चित्र काढत नाही. जेकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, जुनी, छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी वर्गात हातोहात फिरवते.

पूर्वी मी प्रेषक, माध्यम आणि ग्राही असे तीन चौकोन फळ्यावर काढत असे. मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत अचूक काढत आणि पूर्ण गुण मिळवत. पण तारेतून नेमके काय जाते, असे विचारले की ‘आवाज जातो’, ‘अक्षरे जातात’ अशी उत्तरे येत. आकृती पाठ झाली होती आणि कल्पना मात्र जागची हलली नव्हती, याचे मला फार वाईट वाटे.

जेकार्डचा माग फ्रान्समधील लिऑन शहरात १८०४ च्या सुमारास आकाराला आला. त्यात पट्टीवर जिथे छिद्र असते तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो. जिथे छिद्र नसते तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मग धोटा बाण्याचा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो आणि पुढची पट्टी समोर येते. मी मुलांना विचारते, ‘या पट्टीवर मोर कुठे आहे?’ ती पट्टी उलटीसुलटी करून पाहतात आणि मोर कुठेच नाही, फक्त ‘उचल’ आणि ‘उचलू नको’ एवढेच आहे, हे त्यांच्या ध्यानात येते. याच छिद्रांच्या कल्पनेवर अमेरिकेतील १८९० च्या जनगणनेची मोजणी यंत्रांनी झाली, हे मी एका वाक्यात सांगते आणि पुढे जाते.

पुढच्या तासाला एक मूल मनात वर्गातील एखादा हजेरी क्रमांक धरते आणि बाकीच्यांनी केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येणारे प्रश्न विचारून तो शोधायचा असतो. यंदा वर्गात ६४ मुले आहेत. पहिल्या दिवशी नावे घेत घेत वीस-पंचवीस प्रश्न झाले. नंतर कोणीतरी ‘क्रमांक ३२ च्या पुढचा आहे का?’ असे विचारले, आणि दर प्रश्नाला निम्मी मुले गळत जाऊन सहा प्रश्नांत उत्तर हाती आले. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे मोजमाप मांडले, त्याचे बीज या सहा प्रश्नांत आहे. बिट, म्हणजे अशा एका ‘हो’ किंवा ‘नाही’एवढी माहिती, हा शब्द मी इथे पहिल्यांदा उच्चारते, त्याआधी नाही.

मग व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन गट उभे राहतात आणि टॉर्चच्या उजेडाने क्रमांक पाठवायचा असतो: उजेड म्हणजे १, अंधार म्हणजे ०. पहिला प्रयत्न दरवर्षी फसतो, कारण लागोपाठ तीनदा अंधार आला की पाहणाऱ्याला तो एक की तीन हे कळत नाही. मुलांनीच तोडगा काढला. एकाने बाकावर ठरावीक लयीत थाप द्यायची आणि प्रत्येक थापेला एकच खूण मोजायची. संदेशाआधी करार लागतो, आणि त्या करारात वेळही येतो, हे त्यांना माझ्या व्याख्यानाशिवाय समजले. चूक ओळखण्यासाठी आम्ही सहा खुणांना सातवी जोडली, जेणेकरून उजेडांची एकूण संख्या नेहमी सम यावी. एक खूण चुकली तर संख्या विषम होते आणि चूक पकडली जाते. दोन चुकल्या तर मात्र ही युक्ती फसते, हेही मुलांनी त्याच दिवशी मुद्दाम दोन खुणा बदलून पाहिले.

त्या चर्चेत, वडील मागावर असलेली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, पट्टीतच छिद्र चुकलं असेल तर प्रत्येक नक्षीत त्याच जागी डाग दिसतो, विणताना धागा तुटला तर एकदाच दिसतो.’ मूळ नोंदीतील दोष आणि वाटेत शिरलेला दोष यांतील हा फरक मला इतक्या नेमकेपणाने कधी मांडता आला नव्हता. ते वाक्य मी फळ्यावर तिच्याच शब्दांत लिहिले.

शेवटचे दोन तास मी आपल्या लिपीला देते, कारण पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा रोमन अक्षरांची असतात. ‘सोलापूर’ या शब्दात मुले चार अक्षरे मोजतात. संगणकांत सर्व लिप्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या युनिकोड या संकेतात मात्र स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ उकार आणि र अशी सात चिन्हे होतात, आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन याप्रमाणे २१ बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) लागतात. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. त्यात सात-सात बिटांची १६० रोमन अक्षरे बसतात, पण तिथल्या वेगळ्या पद्धतीत प्रत्येकी दोन बाइट लागणारी देवनागरीची चिन्हे सत्तरच. याचे मुलांना वाईट वाटते, आणि तसे वाटणे मला योग्यच वाटते.

तारायंत्राच्या टिंब-रेघांच्या मोर्स संकेतात इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या अक्षराला एकच टिंब, म्हणजे सर्वांत लहान खूण, दिले होते. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा ही मुले अगदी लहान होती किंवा जन्मलीही नव्हती. तरीही मराठीसाठी असा संकेत करायचा तर सर्वांत लहान खूण कोणाला द्यावी, या प्रश्नाने ती पेटून उठली. वर्तमानपत्रातील उतारे घेऊन त्यांनी चिन्हे मोजली आणि काना सर्वांत पुढे निघाला, म्हणून एकच टिंब कान्याला मिळाले. पाय मोडलेल्या अक्षराची खूण वेगळी ठेवायची की जोडाक्षर सलग पाठवायचे, यावर मात्र दोन गट पडले आहेत. तो तक्ता अर्धवट अवस्थेत भिंतीवर आहे, आणि शनिवारी दोन्ही गट आपापल्या पद्धतीने ‘सिद्धेश्वर’ हा शब्द टॉर्चने पाठवून दाखवणार आहेत.