आत्याचा हिशेब

रात्री साडेदहा

बाहेर अजून चालूच आहे. आज पाचवा दिवस, संस्थानच्या गणपतीचं विसर्जन. निम्मी सांगली सरकारी घाटाकडे लोटली असणार. मी घरी. गणपतीवर माझा राग नाही, साऊंड सिस्टिमवर आहे. तो बेस माझ्या दातांत बसतो. कानांवर इअरमफ चढवून लिहितेय. पिवळेजर्द आहेत, कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनवरचे कामगार घालतात तसले. हार्डवेअरच्या दुकानात मिळाले. आधी फक्त खोलीत घालायचे, आता भाजी आणायलाही घालून जाते. भाजीवाल्या मावशी भाव बोटांनी दाखवतात. घासाघीस होत नाही, त्यामुळे त्या खूश, मीही खूश.

दुपारी आत्या येऊन गेली. परत एक स्थळ घेऊन. तिला माझं सगळं ठाऊक आहे बरं का, मीच सांगितलंय. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं होतं, आणि मग स्वतःचा हिशेब मांडला होता. आज तोच परत मांडला: "तुला बायका आवडतात म्हणतेस, पुरुषबी आवडतात म्हणतेस. मग अडलंय कुठं? आवडणाऱ्यातलाच एक बघून दिला की झालं!"

हसू आलं, खरं सांगायचं तर. पण खोटं कशाला बोलू, दमायलाही होतं. मला फक्त बायकाच आवडत असत्या तर आत्या रडली असती, गणपती मंदिरात नवस बोलली असती आणि कधीतरी थकून गप्प बसली असती. बायसेक्शुअल मुलीच्या घरच्यांची आशाच सुटत नाही. म. आणि मी एवढी वर्षं सोबत आहोत, ते त्यांच्या लेखी 'सध्यापुरतं'. कॉलेजात एक मुलगा मला आवडायचा, त्याची आठवण मात्र आई अजून काढते, कोर्टात पुरावा ठेवावा तशी. आवडायचाच तो. म. भेटली म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि तो होता म्हणून म. कच्ची ठरत नाही.

काकांची तऱ्हा वेगळी. "तिला ते ऑटिझम आहे ना, तिला काय कळतंय यातलं." मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी हिशेब बघते. शेतकऱ्याच्या पट्टीत तोलाई-हमालीत रुपयाचा फरक असला तरी पान उलटायच्या आत मला दिसतो, तेव्हा कळतंय म्हणतात. कोण आवडतं, एवढंच कळत नाही होय?

दोन्ही गोष्टी एकाच माणसात असणं हे काही माझंच नवल नाही. ऑटिस्टिक लोकांत समलैंगिक, उभयलैंगिक माणसांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं, असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. माझ्यापुरतं मला एवढं माहीत आहे, की कारण न सांगता घातलेला नियम माझ्या डोक्यात राहतच नाही. मुलींनी मोठ्यानं हसू नये, का? तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत, का? या 'का'पायी लहानपणी धपाटेही खाल्लेत. प्रेम कुणावर करायचं हाही तसलाच नियम.

निदान तिशी ओलांडल्यावर झालं, पुण्याला जाऊन. तोवर मी 'एककल्ली', 'तुसडी', 'हुशार आहे पण माणसांत मिसळत नाही' अशी होते. 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमवरच्या पहिल्या मोठ्या लेखात ज्या 11 मुलांबद्दल लिहिलं, त्यांत मुली 3. पुढे कित्येक वर्षं सगळेच मुलग्यांकडे बघत राहिले. आवाज, वास, स्पर्श यांचा त्रास तर 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसोपचारवाल्यांच्या निदानाच्या पुस्तकात, आल्यावर कुठं निदानाच्या निकषांत धरला गेला. मला हळदीचा वास चालतो, हे एक नशीबच. अगरबत्तीचा नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेले. तिथे ऑटिझम मोजायची 40 मुद्द्यांची इसा (ISAA) नावाची मोजपट्टी असते, प्रत्येक मुद्द्याला 1 ते 5 गुण. बरेचसे मुद्दे लहान मूल डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिल्यासारखे वाटतात. डॉक्टर म्हणाले, "पण तुम्ही तर डोळ्यांत बघून बोलताय की." मी त्यांच्या चष्म्याच्या मधल्या दांडीकडे बघत होते. ते शिकण्यात माझी अख्खी शाळा गेली. टेबलाखाली हातात चिंचोका फिरत होता, हरिपूर रस्त्यावरचा, झिजून गुळगुळीत झालेला. तो काढून त्यांच्यापुढे ठेवला. ते हसले आणि लिहायला लागले.

लोक म्हणतात, सांगलीसारख्या गावात सगळं उघड सांगून राहतेस, धाडस आहे तुझं. कसलं धाडस! कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवणं मला झेपत नाही. दिवसभर अडतीवर चेहरा नीट ठेवण्यातच जीव जातो, वर आणखी एक नाटक कोण करणार? सांगली नाट्यपंढरी म्हणे!

कायद्याचं म्हणाल तर 6 सप्टेंबर 2018 ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून आम्ही सुटलो. त्याच साली सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं. अडतीवर चर्चा कशाची झाली ते सांगायला नको. 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं नाकारला. मग 28 ऑगस्ट 2024 ला केंद्राच्या अर्थ खात्यानं स्पष्ट केलं, की क्विअर, म्हणजे आमच्यासारख्या, जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं काढायला, एकमेकांना नॉमिनी करायला कसलीच आडकाठी नाही. आम्ही दोघी गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी नॉमिनीपुढच्या 'नातं' या रकान्यावर पेन ठेवलं. "बहीण लिहू?" म. नं माझा हात दाबला, म्हणजे गप्प बस. मी म्हणाले, "बहीण नाही, जोडीदार." मॅडमनी आम्हा दोघींकडे पाहिलं, जोडीदार लिहिलं आणि म्हणाल्या, "पॅनची झेरॉक्स एकच आणलीय, अजून एक लागेल." म. बाहेर येऊन अर्धा तास हसत होती.

आत्ता आत्यानं व्हॉट्सॲपवर मुलाचा फोटो पाठवलाय. मिरजेचा आहे, इंजिनिअर, गॉगल लावून मोटरसायकलवर बसलेला. मी लिहिलं: "मुलगा दिसायला छान आहे. पण माझं लग्न करायचं नाही. मी म. सोबत आहे, तुला माहीत आहे."

लगेच निळ्या खुणा. मग बराच वेळ ती टाइप करत होती.

"म्हणजे फोटो आवडला ना?"