जुन्या नाटकातल्या बाईला वेगळं बक्षीस काहून?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर दर वेळी तोंडीच सांगते आणि अर्धं राहून जातं. प्रश्न नेहमी एकच असतो, "ताई, नाटक जुनं, संवाद जुने, सगळं आयतं हाती येते, मग त्यातल्या नटीला वेगळं बक्षीस काहून द्यायचं?"

प्रश्न निघतो कारण लंडनच्या नाट्यपुरस्कारांचं मीच सारखं सांगत असते. आता ज्याला ऑलिव्हिए पुरस्कार म्हणतात तो 1976 मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे अभिनेत्रींसाठी दोन वेगळी बक्षिसं होती, एक नव्या नाटकातल्या नटीला आणि एक पुन्हा रंगमंचावर आणलेल्या जुन्या नाटकातल्या नटीला. 1977 चं ते दुसरं बक्षीस ज्युडी डेंचला शेक्सपिअरच्या लेडी मॅकबेथसाठी मिळालं, म्हणजे भूमिका साडेतीनशे वर्षांहून जुनी, प्रेक्षकाला पुढचं वाक्य पाठ, आणि तरी तिने ती नव्याने उभी केली. 1985 पासून दोन्ही एकत्र करून एकच बक्षीस ठेवलं. मला ते पटत नाही, अजिबात नाही, कारण ही दोन कामं वेगळी आहेत.

कशी वेगळी ते माझ्याच अनुभवावरून सांगते. आमच्या हौशी ग्रुपने रीतसर परवानगी काढून 'वाडा चिरेबंदी' बसवलं होतं आणि माझ्याकडे वहिनीची, म्हणजे वाड्यातल्या मोठ्या सुनेची, भूमिका आली. नाटककार महेश एलकुंचवार आपल्या नागपूरचे, नाटकातला वाडा आपल्या विदर्भातला, त्यामुळे सायंटिफिक सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना तो वाडा घरचा वाटतो. 1985 मध्ये विजया मेहतांनी ते पहिल्यांदा दिग्दर्शित केलं, मग चंद्रकांत कुलकर्णींनी केलं, म्हणजे आमच्या प्रेक्षकांपैकी कोणी ना कोणी आधीची एखादी वहिनी पाहून आलेलंच असणार. नव्या नाटकात तुम्ही जे कराल ती त्या बाईची पहिली ओळख असते. इथे तसं नाही, पहिल्या एन्ट्रीलाच लोकांच्या मनातली वहिनी आणि माझी वहिनी शेजारीशेजारी उभ्या राहतात. इंटरव्हलमध्ये एक काका चहाचा कप घेऊन थेट विंगेपाशी आले आणि म्हणाले, "पोरी, वहिनी अशी नाही बसत जी." रागावून नाही म्हणाले, अगदी मनापासून म्हणाले, आणि मला दुसऱ्या अंकात पाय कुठे ठेवू ते समजेना.

वहिनीचा तो दागिन्यांचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल, घराण्याचं सगळं सोनं ती रात्री अंगावर घालते. आमचे दागिने इतवारी बाजारातून आणलेले, खोटे, आणि खोट्या दागिन्यांना वजनच नसतं हो. मान आपोआप ताठ राहते, चाल हलकी होते, आणि मग ती घरात सून म्हणून इतकी वर्षं राबलेली बाई वाटतच नाही, लग्नाला निघालेली पाहुणी वाटते. म्हणून मी काय केलं, किराण्याच्या दुकानातून पाव-पाव किलोची लोखंडी वजनं मागून आणली, जुन्या ओढणीत बांधली आणि पंधरा दिवस ती गळ्यात घालून पोळ्या लाटल्या, कपडे वाळत घातले, फोनवर बोलले. मानेला वजनाची सवय झाली तशी वजनं काढली आणि प्रयोगात तीच मान आणली. संवादातला एक शब्द बदलला नव्हता. एका स्पर्धेत परीक्षकांनी शेरा दिला, "भूमिकेत नवीन काही नाही." मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण नवीन जे होतं ते मानेत होतं आणि ते बघायला संहिता बाजूला ठेवून नटीकडे बघावं लागतं. वेगळं बक्षीस असलं की परीक्षकाला हेच बघणं भाग पडतं, नाटक कसं आहे हा प्रश्न आधीच सुटलेला असतो, उरते फक्त ती बाई आणि तिने काय केलं ते.

त्या प्रयोगानंतर एक आजी मेकअप रूममध्ये आल्या, माझ्या गळ्यातली माळ हातात घेऊन तोलली आणि म्हणाल्या, "अगं, इतकी हलकी? मला तर तिथून किती जड वाटली." मी त्यांच्या पायाच पडले.

आपल्याकडे जुनी नाटकं सारखी परत येतात, सुनील बर्वेंनी तर पाच जुनी नाटकं प्रत्येकी पंचवीस प्रयोगांसाठी आणली होती. तेव्हा असा एक वेगळा मान नटीसाठी आपल्याकडे हवाच. 1982 मध्ये लंडनचं ते बक्षीस शेरिल कॅम्पबेलला मिळालं होतं, इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'मधल्या नोरासाठी. ती नोरा आपल्याकडे 1942 मध्येच 'कुलवधू'ची भानुमती होऊन आली, रांगणेकरांचं नाटक आणि ज्योत्स्ना भोळेंचा आवाज. माझी आई कामं करता करता त्यातलं 'बोला अमृत बोला' गुणगुणायची. आज एखाद्या पोरीने ती भानुमती करायला घेतली तर तिच्यासमोर तो आवाज कानात घेऊन बसलेली अख्खी रांग असेल, आणि तरी ती उभी राहिली तर वसंतराव देशपांडे सभागृहात पहिल्या रांगेचं तिकीट मी आजच काढून ठेवते.