चितळाच्या रक्तासाठी अडलेली फाईल

गॅमा इंटरफेरॉन हे जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी सोडतात ते प्रथिन; चितळातलं त्याचं जनुक वाचायचं, एवढंच माझं काम. प्रयोगशाळेतला भाग सुरळीत झाला. अडलं ते रक्तापाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

हरणात टीबी शोधायला त्वचाचाचणी करायची तर जनावर ७२ तासांच्या अंतरानं दोनदा धरावं लागतं. चितळ धरपकडीच्या धसक्यानंच दगावू शकतं. रक्तचाचणीला एकदाच धरलं की पुरतं. टीबीची लागण असेल, तर जंतूची प्रथिनं मिळताच पांढऱ्या पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात, तो मोजायचा. पण गायीसाठी बनवलेल्या किटमधल्या अँटिबॉडी हरणाचा इंटरफेरॉन नीट ओळखत नाहीत. म्हणून चितळाचं जनुक हवं, म्हणजे त्यावरून चितळाचा इंटरफेरॉन बनवून त्याला ओळखणाऱ्या अँटिबॉडी मिळवता येतील.

त्यासाठी लागणारं रक्त घ्यायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम १२ खाली परवानगी लागते. मधल्या एका कार्यालयात माझी फाईल बसली. आधी विचारलं, किती जनावरं पकडणार? उत्तर दिलं: एकही नाही. उपचारासाठी बेशुद्ध केलेल्या चितळाचं रक्त डॉक्टर काढतातच, त्यातलं थोडं हवंय. मग नैतिक समितीचं पत्र मागितलं, ते आधीच जोडलेलं होतं. मग 'जनुकीय' शब्दावर बोट ठेवलं, नमुने परदेशात जाणार का? सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचण्याचं काम, भारतातच होणार, हे लेखी दिलं. तेवढ्यात साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

याच काळात एका जखमी नराला भूल दिल्याचा डॉक्टरांचा फोन आला. मी बर्फाचा डबा घेऊन पोचले. जांभळ्या झाकणाची नळी त्यांच्या हातात होती. 'मॅडम, कागद आला का?' नव्हता. तपासणीपुरतं रक्त वापरून उरलेलं पिवळ्या पिशवीत गेलं. त्या जनावराला माझ्यासाठी एक सुईसुद्धा जास्त टोचावी लागणार नव्हती!

शेवटी अर्जाच्या अगदी वर दोन ओळी ठळक टाकल्या: 'स्वतंत्र पकड नाही. नमुना देशाबाहेर जाणार नाही.' आणि फाईल हलली. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

हो, नळ्यांचं सांगायचं राहिलं. पेशी उत्तेजित करायच्या असतील तर हिरव्या झाकणाची, हेपॅरिनची नळी घ्या. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, पेशी नीट प्रतिसाद देत नाहीत. उलट हेपॅरिन पीसीआर, म्हणजे जनुकाच्या भरपूर प्रती काढण्याची पद्धत, बिघडवतं, म्हणून पेशींतला आरएनए (जनुकाची कामचलाऊ नक्कल) काढण्याआधी पेशी नीट धुवा. पेशींना उत्तेजित करणारं कॉनकॅनॅव्हॅलिन ए दिल्यावर इंटरफेरॉनचा आरएनए भरपूर वाढतो, मग जनुक हाती लागायला वेळ लागत नाही. पडद्यावर चितळाचा सिक्वेन्स गायीच्या सिक्वेन्सखाली लावला आणि वेगळी अक्षरं एकेक करून मोजली, तेव्हा फार अभिमान वाटला.

आता ते प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवायला घेतलंय. अँटिबॉडी तपासायला आणखी रक्त लागेल आणि परवानगीला मुदत असते. नूतनीकरणाचा अर्ज मी आत्ताच दिलाय, त्या दोन ओळी सर्वांत वर टाकून.