नऊ झाली, पाच राहिली

शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात टेबलावर माझा लॅपटॉप, आणि त्यावर १९०० सालच्या अमेरिकन जनगणनेचं एक पान. आजींच्या पणजीची ओळ आम्ही मोठी करून वाचत होतो. जन्म मार्च १८५०, जर्मनी. लग्नाला वर्षं तीस. त्यापुढे दोन चिंचोळे रकाने. या बाईला मुलं किती झाली? ९. त्यातली हयात किती? ५.

आजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पाचच होती," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा धरून पाच. मी सगळ्यांची नावं सांगते." आणि त्यांनी बोटांवर मोजत पाचही नावं सांगितली. उरलेल्या चारांबद्दल त्यांच्या घरात कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

आम्ही ओहायोच्या पश्चिम भागात राहतो. नवऱ्याची नोकरी मोटारीच्या कारखान्यात, आजूबाजूला मका आणि सोयाबीन. आजी एकट्या असतात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानं हाक मारते, पण मनात त्या आजीच. कॉम्प्युटरचं त्यांना जमत नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यात शेजारधर्म म्हणून मी बसले. इथे जनगणनेची मूळ पानं बहात्तर वर्षं बंद ठेवतात आणि मग सगळ्यांना खुली करतात. १९५० ची पानं २०२२ च्या एप्रिलमध्ये उघडली. त्यात आजींनी चार वर्षांच्या स्वतःला शोधलं, बापाच्या नावाखाली, "मुलगी" म्हणून. इतक्या खूश झाल्या की मग दर शुक्रवारी चहा, केक आणि पूर्वज असा कार्यक्रमच ठरला. चहा माझा, आलं घातलेला. केक त्यांचा.

मागे जाताना एक मोठा खड्डा लागतो. १८९० च्या जनगणनेची जवळजवळ सगळी पानं गेली, काही वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीत, उरलेली त्यानंतर नष्ट केली म्हणून. म्हणजे १८८० नंतर एकदम १९००. या वीस वर्षांत जन्मून गेलेलं मूल कुठल्याच मोजणीत सापडत नाही. ते शोधायचं तर दिल्ली सोडून तालुक्याला जावं लागतं. आमचा तालुका म्हणजे ऑग्लेझ काउंटी, मुख्य गाव वापाकोनेटा.

काउंटीला मराठीत जिल्हा म्हणतात, पण ऐकून फसू नका. ओहायोत अशा ८८ काउंट्या आहेत आणि या काउंटीची सगळी वस्ती पन्नास हजारांच्या आत. पण जमिनीची खरेदीखतं, लग्नाचे परवाने, मृत्युपत्रं, वारसांच्या भानगडी, जुने जन्ममृत्यू, सगळं दप्तर तिथेच. आपल्याकडचं तलाठी कार्यालय, दुय्यम निबंधक आणि दिवाणी कोर्ट एका चौकात आणून ठेवलं तर जसं होईल तसं. वापाकोनेटा हे नील आर्मस्ट्राँगचं गाव. हायवेवरून येताना त्याच्या नावाचं म्युझियम दिसतं, घुमट चंद्रासारखा. आजींना त्याचं काही नाही. त्यांनी गाडी सरळ कोर्टहाउसकडे घ्यायला लावली.

जाण्याआधी एक गोष्ट मी शिकले होते. कागद शोधायचा तो आजच्या नकाशावर नाही, त्या सालच्या नकाशावर. ऑग्लेझ काउंटी झाली १८४८ साली, मुख्यतः अॅलन आणि मर्सर या शेजारच्या काउंट्यांतून तुकडे काढून. त्याआधीचा कागद तिकडे. हे मला चटकन समजलं, कारण आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं सांगलीकडच्या सोयऱ्यांना "दक्षिण सातारचे" म्हणतात. १९४९ ला तो जिल्हा वेगळा निघाला, १९६० ला सांगली झाला.

आजींची माणसं मूळची उत्तर जर्मनीतली, न्यू ब्रीमनच्या आसपास वसलेली. हे गाव १८३३ च्या सुमाराला जर्मनांनीच वसवलं. ते आधी सिनसिनाटीला उतरायचे आणि मग कालव्याच्या कामामागोमाग, जमिनीमागोमाग वर सरकायचे. त्यामुळे थोडे कागद सिनसिनाटीत असायला हवे होते, पण तिथलं कोर्टहाउस १८८४ च्या दंगलीत जाळलं गेलं. आजी म्हणाल्या, "आमच्या लोकांची सगळी कागदपत्रं कोणीतरी जाळतंच."

सकाळी पहिल्यांदा जमिनीचं दप्तर काढलं. डीडची (खरेदीखतांची) पुस्तकं म्हणजे कणकेच्या पिंपाइतकी जड. ती उचलून आडव्या फळीवर ठेवायची आणि उभ्यानंच वाचायची. आधी सूची: विकणाऱ्यांची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी. इंग्रजी कारकुनानं जर्मन आडनाव कानाला येईल तसं लिहिलेलं, त्यामुळे एकच घराणं तीन स्पेलिंगांत. मी पहिला तासभर चुकीच्याच माणसाची जमीन वाचत होते, तीही मोठ्या उत्साहानं. शेवटी आजींनीच पान उलटून ठेवलं, "हा आमचा नव्हे. हा दारूचा गुत्तेवाला."

मग सापडलं. १८७२ साली ऐंशी एकर घेतले. वर्णन असं: अमुक टाउनशिप, अमुक क्रमांकाचं सेक्शन, त्याच्या आग्नेय चौथाईचा पश्चिम अर्धा भाग. हे कोडं सोडवायला मला मजा आली. टाउनशिप सहा मैल लांब, सहा मैल रुंद. तिचे छत्तीस चौकोन, एकेक चौकोन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. त्याची चौथाई १६०, तिचं अर्धं ८०. मोजणीची साखळी ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे बाजू बरोबर त्या साखळीच्या निम्मी, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एकाच साखळीनं ओहायोचा मका आणि साताऱ्याची ज्वारी मोजली गेली. हे मी आजींना उत्साहानं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

पुढचं खत मार्च १८७८ चं. त्याच ऐंशीतले वीस एकर विकलेले. नवऱ्याची सही, आणि खाली पणजीचं नाव. नावाच्या मध्ये एक फुली, फुलीच्या वर "तिची", खाली "खूण". त्याखाली मॅजिस्ट्रेटचा दाखला: या बाईला नवऱ्यापासून वेगळं बाजूला घेऊन, खत वाचून दाखवून, राजीखुशी विचारली. विधवेचा जमिनीत वाटा असायचा, म्हणून विकताना बायकोची संमती लागायची आणि ती दबावाखाली दिलेली नाही हे कागदावर यायला लागायचं. मॅजिस्ट्रेटनं बाजूला नेऊन इंग्रजीत विचारलं आणि तिला घरची जर्मनच येत असेल, तर ती काय म्हणाली असेल, हा प्रश्न माझा. दाखल्यात तो नाही.

आजींनी फुलीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग तिथली कारकून बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, की हे पुस्तक म्हणजे नक्कल आहे. अस्सल खत घेणाऱ्याकडे परत जायचं, इथे कारकून हातानं उतरवून घ्यायचा. म्हणजे फुलीही कारकुनाची. आजींनी बोट काढलं. "बरं," म्हणाल्या, "पण कुठल्या तरी कागदावर तिनं काढली होतीच ना."

आपल्याकडच्या जुन्या खतांवर लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची निशाणी नांगर असायची आणि बाईची बांगडी. फुलीपेक्षा मला ते आवडतं. निदान कोणी काढलं एवढं तरी कळतं.

दुपारी, सोबत नेलेले सँडविच गाडीत बसून खाऊन झाल्यावर, आम्ही प्रोबेट कोर्टाच्या, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसांच्या कोर्टाच्या, जन्ममृत्यूच्या नोंदींकडे वळलो. ओहायोत १८६७ पासून १९०८ च्या डिसेंबरपर्यंत या नोंदी काउंटीचं प्रोबेट कोर्ट ठेवायचं, मग ते काम राज्यानं घेतलं. पण जुन्या काळात डॉक्टर किंवा घरचे लोक येऊन नोंद करत असं समजू नका. कर आकारणारा माणूस वर्षातून एकदा घरोघर फिरायचा. गाई किती, घोडे किती, आणि वर्षभरात कोण जन्मलं, कोण गेलं. मग सगळी यादी आणून कोर्टात द्यायची. त्या दिवशी घरात कोणी नसलं किंवा कोणी सांगितलंच नाही, तर माणूस सुटला.

१८७८ चं पान. मीच वाचत होते, आजींना ते बारीक अक्षर दिसत नव्हतं. आडनावाच्या सुरुवातीच्या अक्षरावर एकाखाली एक तीन ओळी. मुलगा, सहा वर्षं. मुलगी, चार वर्षं. मुलगा, एक वर्ष पाच महिने. तिघांच्याही आईबापांची नावं तीच. तारखा जानेवारीतल्या, पहिल्या मृत्यूपासून तिसऱ्यापर्यंत नऊ दिवस. कारण तिन्ही ओळींत एकच, डिप्थीरिया. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कारकुनानं शब्दसुद्धा लिहिलेला नाही, "वरीलप्रमाणे" अशा खुणा ओढल्यात. शाई एकच, अक्षर एकच, कारण वर्षाची यादी एका बैठकीत उतरवलेली.

घटसर्प. लहानपणी लसीच्या कार्डावर वाचलेला शब्द.

मी तारखा मोठ्यानं वाचल्या. आजी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते खत कुठल्या महिन्याचं होतं?"

मार्च. जानेवारीत तीन मुलं गेली आणि मार्चमध्ये वीस एकर विकले. डॉक्टरचं देणं होतं, की आधीपासूनच कर्ज होतं, की दोघांत काही उरलंच नव्हतं, कागद एवढं सांगत नाही. मी चार अंदाज बांधले, आजींनी एकही बांधला नाही. आजोबा १८८० चे, म्हणजे या सगळ्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेले. "ते फार लाडावलेले होते म्हणे," एवढंच त्या परतीच्या वाटेवर बोलल्या.

त्याच आठवड्यात गावाकडून चुलतभावाचा फोन आला. तिकडे सकाळ, इथे रात्रीचे अकरा. "काय गं, झोपलीस का? तुला फोटो पाठवलाय, बघ."

२०२३ पासून आमच्या भावकीत सगळेच वंशावळतज्ज्ञ झालेत, हे तुम्हाला सांगायला नको. कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून गाव नमुना १४ या जन्ममृत्यूच्या वहीचे फोटो, मोडी वाचणाऱ्यांचे नंबर, शाळेचे जुने दाखले, सगळं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. दादाला पुतण्याच्या दाखल्यासाठी आमच्या थेट पणजोबांचा पुरावा हवा होता. तीन महिने तो तहसील कचेरीच्या चकरा मारत होता. आता सापडला म्हणाला. आवाजात आनंद मावत नव्हता.

फोटोत मृत्यूच्या नोंदवहीचं पान होतं, मोडीत. खाली वाचणाऱ्यानं बाळबोधमध्ये उतरवून दिलेलं. साल १९१८, ऑक्टोबर. नावाच्या रकान्यात आमच्या पणजोबांचं नाव, आणि पुढे "याची मुलगी". जात कुणबी. वय २. रोग, ताप.

ती मानमोडीची साथ. माझी आजी सांगायची, की गावात मढं उचलायला माणूस मिळत नव्हता. साथीची गोष्ट आमच्या घरात दहा वेळा सांगून झालीय. त्यात कोणाचे बैल सोडून दिले, कोण वेशीबाहेर खोपटात राहिलं, सगळं आहे. आपल्याच घरातली मुलगी गेली हे नाही. आजोबांना बहीण होती हे मला चाळिसाव्या वर्षी, ओहायोत पलंगावर बसून कळलं.

"दादा, हिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"मुलीचं."

तो थांबला. "नाव नाही गं त्यात. नावाचं काय करायचंय? जात स्पष्ट आलीय ना. बापाचं नाव स्पष्ट आलंय." मग त्यालाच कसंतरी वाटलं असावं. "थोरल्या आत्याला विचारतो," म्हणाला. थोरली आत्या एक्क्याण्णव वर्षांची आहे. तिनंही ऐकलेलं नाही.

रागवावं असं मला वाटलं, पण कोणावर? तो नमुना कोणी कोणाच्या आठवणीसाठी लिहिलेला नव्हताच. ऑग्लेझमधल्या माणसाला कर हवा होता, आमच्या गावच्या नोंद ठेवणाऱ्याला वर आकडा कळवायचा होता. दादाला दाखला हवाय, आणि पुतण्याला प्रवेश मिळाला तर मलाही आनंदच आहे. त्या दोन वर्षांच्या पोरीनं घराण्यासाठी एवढं केलं, ते कोणाला माहीत नसताना.

पुढच्या शुक्रवारी आजींना मी हे सांगितलं. जात, दाखला, आरक्षण समजावताना दोन कप चहा संपला. सगळं त्यांना कळलं असं नाही. पण नाव नाही हे कळलं. त्यांनी उठून घरचं जुनं बायबल आणलं. सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर त्यांच्याकडे कुटुंबाचे जन्ममृत्यू लिहिलेत, पण ते आजोबांपासून पुढचे. वरच्या जागेत त्यांनी पेन्सिलनं तिघांची नावं लिहिली, तारखांसकट.

चौथं मूल अजून अर्धंच सापडलंय. १८८६ च्या जन्मनोंदीत मुलगी आहे, नावासकट. मृत्यूची नोंद कुठेच नाही. त्या वर्षी कर घेणारा आला तेव्हा कदाचित कोणी सांगितलंच नसेल. आता भरवसा चर्चच्या वहीवर. ती जुन्या जर्मन लिपीत आहे आणि ती लिपी आज बहुतेक जर्मनांनाही वाचता येत नाही. वाचणारे एक निवृत्त मास्तर आहेत, पानाचे पैसे घेतात. आजींना ते फार वाटले. मी त्यांना आमच्या मोडी वाचणाऱ्याचा दर डॉलरमध्ये करून सांगितला, तेव्हा त्या गप्प झाल्या, आणि पुढच्या मंगळवारची वेळ घ्यायला सांगितलं.