तुम्ही विचारलंत म्हणून: तात्या बाहेर का जात नाही

समोरच्या बेन भाजीवाल्यापाशी भेटल्या तरी विचारतात, "बिलाडीने पूरी केम राखी छे?" (मांजराला कोंडून का ठेवलंय?) आपली मराठी मंडळी जरा आडून विचारतात, "कोंडल्यासारखं नाही का होत हो त्याला?" म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

तात्या आमचा बोका, बडोद्यात दांडिया बाजारच्या गच्च्यांवर वाढलेला. इथे जुनी घरं एकमेकांना अशी चिकटलेली की हा आमच्याकडून निघाला की रस्त्यावर पाय न ठेवता थेट मागच्या गल्लीत. तीन घरी जेवायचा, तीन घरी तीन नावं. आम्हालाही त्याचं कौतुकच होतं.

मग एका जानेवारीत १४ ची उत्तरायण (आपली संक्रांत, इथे पतंगांचा सण) झाली, १५ ची वासी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पतंगबाजी, पण झाली, आणि १६ ला सकाळी साहेब आले ते मागचा पाय उचलून. काचेचा मांजा गुंडाळलेला, आणि हा चाटून सोडवायला बघतोय, तसतसा तो अजूनच रुततोय. दर उत्तरायणाला पक्ष्यांचं आपण ऐकतो, जखमी पक्ष्यांना वाचवायला करुणा अभियान वगैरे असतं, पण गच्चीवर दोऱ्यांचा गुंता पडून राहतो त्यातून मांजर फिरतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले पायाचं निभावलं, पोटात गेला असता तर वाईट होतं. मांजराच्या जिभेचे काटे घशाकडे वळलेले, त्यामुळे दोरा थुंकता येत नाही, आत जातो आणि आतडी त्यावर गोळा होतात. तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तरी ओढायचं नाही, सरळ डॉक्टरकडे न्यायचं.

जखम भरेपर्यंत घरातच ठेवायचा होता, नंतर नसबंदीही करून घेतली. (ती केली की लगेच फिरणं थांबत नाही हं, काही आठवडे जातात.) पहिले चार दिवस पहाटे पाचला दारापाशी जो काही गळा काढायचा, की सासूबाई म्हणाल्या, सोडा गं त्याला, तळतळाट लागेल. वाळूचा ट्रे त्याला एका दिवसात कळला. गॅलरीला कबुतरांची नायलॉनची जाळी लावली होती ती त्याने दोन दिवसांत कुरतडली, मग लोखंडी बसवली. पहाटेच्या आरड्याला उपाय एकच चालला, रात्री झोपायच्या आधी काठीला चिंधी बांधून त्याला धापा टाकेपर्यंत पळवायचा आणि लगेच जेवण द्यायचं. शिकार झाली, पोट भरलं, अंग चाटलं, की झोपतोच. आणि पहाटे ओरडला तरी उठायचं नाही, एकदा उठलात की मेलात.

पण खरं सांगू, मांजर सोपं होतं, शेजारी अवघड. उरलेल्या दोन घरांत जाऊन "आता याला खायला घालू नका" सांगणं म्हणजे त्यांच्या घरचं माणूस पळवल्यासारखं. एका काकांनी महिनाभर अबोला धरला. पण बाहेर ताट मांडलेलं असेल तर बोका घरात कशाला थांबेल? शेवटी ठरवलं, ज्यांना द्यायचंय त्यांनी आमच्याकडे येऊन द्यायचं, दूध मात्र नको, त्याला जुलाब होतात.

काका आता रोज संध्याकाळी येतात. तात्या म्हटलं तर ढुंकून बघत नाही, त्यांनी जिन्यातून "राजू" म्हटलं की कान टवकारून दारात हजर.