आरएक्सच्या फोर्कात बियरचा कॅन

"ही पट्टी कसली?"
मेस्त्री हसले. "बियरच्या कॅनची."

म्हापशाच्या गॅरेजात मित्राच्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाइप, खोलला होता. पाइप आवळून धरणारा क्लॅम्प आणि पाइप यांच्या फटीत कुणीतरी कॅन कापून पत्रा गुंडाळलेला! व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावला तर पाइपच बारीक, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. करकचून ब्रेक मारला की सरकणारच. आणि विकताना काय, तर "सगळं ओरिजिनल".

पाइप काचेवर लोटला, तर टकटकत गेला. म्हणजे वाकही आहे. वर आपली खारी हवा. क्रोमला बारीक खड्डे पडलेत, त्यांच्या कडा नवं ऑइल सील (फोर्कातलं तेल अडवणारी रबरी कडी) फाडतात. लोक मात्र सीलच बदलत बसतात.

गाडी १९९६ला बंद झाली, तेव्हा जुगाड होणार, कबूल. पण टाकीच्या रंगावर, स्टिकरवर पैसे ओततात आणि पुढचं चाक ज्यावर उभं, त्याचं माप कुणी घेत नाही.

मेस्त्रींनी बजावलंय: पाइपाची जाडी, लांबी, अ‍ॅक्सलचं भोक, सगळं जुळलं तरच घ्या. आणि बदलायचे तर दोन्ही.

गोव्यात कुणाकडे सरळ जोडी पडून आहे का? क्रोम धड असेल तरच सांगा.